नळीतलं शेत

"छर्रे पसरतात, ऑर्विल. एकच गोळी सुटेल अशी करून दे," म्हणत व्हर्लिनने जुनी बंदूक माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे ठेवली. मागच्या हिवाळ्यात त्याने पक्ष्यांवर झाडलेल्या छर्‍यांनी त्याचाच मुलगा टोबिन गेला होता.

नळी सोडवून मी नेहमीसारखी खिडकीकडे धरली आणि आतून पाहिलं. बाहेर ऑगस्टचं ऊन, आयोवाचा हिरवागार मका. नळीत मात्र बर्फ होता, कापलेल्या मक्याचे खुंट होते आणि दूरवर नारिंगी जाकिटातलं कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

एकच मोठी गोळी अडकू नये म्हणून मी नळीचं आवळलेलं तोंड कापलं. पुन्हा पाहिलं. तो जवळ आला होता.

व्हर्लिनने नळी हिसकावून डोळ्याला लावली.

"अजून काप."

"अठरा इंचांच्या खाली गेली तर कायदा सोडणार नाही, व्हर्लिन."

"काप म्हणतो ना!"

मी कापली.

आता टोबिन अगदी समोर होता, आमच्याकडे वळलेला, दोन्ही हात वर केलेला. नळीतून गार वारा माझ्या डोळ्याला झोंबला.

"काय म्हणतोय?" व्हर्लिनने विचारलं.

ओठांवरून मला कळलं. "पप्पा, थांबा."

मी वळून पाहिलं. व्हर्लिनचं बोट रिकाम्या हवेत, चाप ओढावा तसं, हळूहळू वाकत होतं.