मधली रेघ

नकली गवताची शेवटची गुंडाळी उलगडली आणि मिशारीच्या अंगणातली माती दिसेनाशी झाली. मुकादम शहाताने मधोमध सुरी चालवून हिरवी पट्टी कापून काढली, तिथे पांढरी बसवली, आणि गुडघ्यांवर सरकत तळहाताने जोड दाबत गेला.

"बाशा," तो मालकाला, मिशारीला, म्हणाला, "हे गवत पाणी मागत नाही, वाढत नाही, उलटून बोलत नाही. अशी बायको मिळाली असती तर इजिप्त सोडून मी कुवेतला कशाला आलो असतो?"

दोघे मजूर हसले. मिशारी हसला नाही. त्याला राग आला नव्हता. हसू यायचं ते आता येत नसे, इतकंच. आई गेल्यापासून त्याचं सगळं असंच चाललं होतं. जेवायचा, पण कशाची चव विचारली तर सांगता येत नसे. पोरांसाठी अंगणात मैदान करू या, असं त्याची बायको म्हणाली, दलाल तिचं नाव, तेव्हा तो हो म्हणाला. ती नको म्हणाली असती तरी त्याने हो म्हणूनच मान हलवली असती.

एकच गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली होती. जाळी.

वडिलांनी दोन मुलांसाठी दोन घरं बांधली होती आणि मधे अंगण एकच ठेवलं होतं. त्या अंगणात कधी कुंपणाची काठीही आडवी पडली नव्हती. आता मैदानाच्या कडेने खांबांसाठी खड्डे खणले होते. चेंडू पलीकडे जाऊ नये म्हणून उंच जाळी, आणि जाळीला वरपासून खालपर्यंत जाड कापड. चेंडू अडवायला कापड लागत नाही हे शहातालाही कळत होतं, पण गिऱ्हाइकाला कोण विचारणार? दलालने मात्र सकाळी सुनावलं होतं, की पलीकडे राहतो तो पोरांचा काका आहे, रस्त्यावरचा वाटसरू नव्हे. मिशारीने ऐकून घेतलं. काँक्रीट कालवायला घेतलं होतं. खांब उभे राहिले की संपलं.

खड्ड्यांपलीकडे थोरला भाऊ खलफ उभा होता. हातात जपमाळ, डोळे खड्ड्यांवर.

आई गेली तेव्हा मिशारी परदेशात होता. निरोप मिळताच तो निघाला. खलफ थांबला नाही. मेलेल्याला ताटकळत ठेवू नये, ही रीत त्याने पाळली आणि दिवस मावळायच्या आत आईला मातीत ठेवलं. विमानातून उतरून मिशारी घरी आला, तेव्हा दिवाणखान्यात लोकांना वेलचीची कॉफी दिली जात होती. रीत चुकली नव्हती. त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं. तो भावाच्या समोरून सलाम न करता आत गेला. न केलेला सलाम दुसऱ्या दिवशी जड होतो आणि वर्ष उलटलं की उचलवतच नाही. तसं झालं.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. मशीद लांब होती आणि कालवलेलं काँक्रीट वाट बघत बसलं नसतं. शहाता म्हणाला, इथेच उरकून घेऊ, या गवतावर अजून एक चेंडूही पडलेला नाही. त्याने बूट काढले, पुढे जाऊन उभा राहिला आणि नमाजाला उभं राहण्याची हाक दिली.

पांढरी रेघ आयतीच होती, मशिदीतल्या गालिच्यावर असते तशी. तिच्यावर मजूर उभे राहिले. त्यांच्या उजवीकडे मिशारी. आणि ही हाक कानावर पडल्यावर बाजूला उभं राहणं त्या घराण्यात कुणाला आजवर जमलेलं नव्हतं. खलफने चपला काढल्या, खड्डा ओलांडला आणि मिशारीच्या उजवीकडे, रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला. मधे एका माणसाची जागा सोडून.

नमाज पढवणारा सुरू करण्याआधी वळून रांग बघतो. शहाताने बघितली. त्याला भाऊ दिसले नाहीत, जागा दिसली.

"सरका," तो म्हणाला. "फट ठेवू नका. सैतान नेमका तिथेच येऊन उभा राहतो."

खलफ सरकला. खांद्याला खांदा लागला, पायाच्या करंगळीला करंगळी. मिशारीला काही वाटलं नाही. बाही ऊबदार होती, एवढं कळलं. तो वाकला, उठला, कपाळ टेकवलं. गवत टोचलं, रबराचा वास आला. देवापुढे उभं राहून माणूस काय काय मागतो. याला मागायलाही काही सुचलं नाही.

नमाज संपतो सलामाने. आधी उजवीकडे तोंड वळवून, मग डावीकडे; तोंडातल्या तोंडात म्हटलेल्या या सलामाला कुणी उत्तर देत नाही. मिशारीने उजवीकडे तोंड वळवलं. खलफचंही उजवीकडेच वळलेलं. मिशारीच्या सलामाला समोर आली ती भावाची मान. कानामागचे केस पार पांढरे झाले होते. हे कधी झालं? रोज पलीकडे तर राहतो हा.

सगळ्यांची तोंडं डावीकडे वळली. रीतीप्रमाणे मिशारीचंही वळायला हवं होतं. म्हणजे खलफच्याही सलामाला पाठमोरी मानच मिळाली असती आणि दोघे आपापल्या घरी गेले असते. पण मिशारीचं वळायचं राहून गेलं. मनात काही ठरवलं नव्हतं. बधिर माणसाचं होतं तसं झालं, इतकंच. तो त्या पांढऱ्या केसांकडे बघत बसून राहिला.

खलफने तोंड वळवलं, तर समोर धाकट्याचा चेहरा.

"अस्सलामु..." त्याच्या ओठांवर सलाम निम्मा होता. तो अडखळला. मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, "अलैकुम," म्हणाला. आणि उत्तर येईपर्यंत थांबला.