मधली सुरळी

"आणखी एक फेरी मार," शिडी धरून उभी असलेली नेदा म्हणाली.

"पाच झाल्या. गुदमरून मरेल ते," दोब्री वरून म्हणाला, पण पांढरं कापड फिरवत राहिला.

नोव्हेंबर सरत आला होता. डॅन्यूबवरचा वारा रुसेच्या गल्ल्यांत शिरायला लागला होता. शेजारी दोब्री दरवर्षी नेदाचा पाम बांधायला येई आणि दरवर्षी कुरकुर करी. पानं वर गोळा करून दोरीने आवळायची, खोडाभोवती उबेसाठी नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळायची, वरून कापड, आणि शेंड्यात बर्फ जाऊ नये म्हणून टोपी. ही सगळी पद्धत नेदाच्या नवऱ्याची, स्लावीची. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"एकदाचं मरू दे हे झाड. माझी कंबर तरी सुटेल," दोब्री म्हणाला.

"मेलं तर मला सोफियाला जावं लागेल."

दोब्रीने सहावी फेरी मारली.

उन्हाळ्यात नेदा अंगणात घसरून पडली होती, आणि सोफियात राहणारी मुलगी बिल्याना हट्टाला पेटली होती. आता एकटीने राहायचं नाही, आमच्याकडे चल. भांडण विकोपाला गेलं तेव्हा नेदाच बोलून बसली, "तुझ्या बाबांचा पाम या हिवाळ्यात तगला तर मी इथून हलणार नाही. मेला तर मुकाट्याने येईन." नेदाने आयुष्यात कधी शब्द फिरवला नव्हता. त्याचा तिला गर्वही होता, उगाच कशाला लपवा.

बिल्याना दर रविवारी फोन करी. आधी पामची चौकशी, मग आईच्या पायाची.

"तुझी खोली रंगवायला काढलीय," ती ऑक्टोबरात म्हणाली होती. जानेवारीतही रंग चालूच होता. "कामेनला वेळ कुठे मिळतोय, आई."

"जावईबापूंना म्हणावं, सावकाश होऊ दे," नेदा खुशीत म्हणाली.

जानेवारीच्या मध्याला बर्फाच्या भाराने तारा तुटल्या. दोन दिवस वीज नाही, पारा उणे एकोणीस. माळ विझली. दोब्रीने घरातली मेंढीच्या कातड्याची जुनी बंडी आणून झाडाला घातली.

"आता याला राकियाही पाजू का?"

"तुझी तू पी. झाडाला वाईट सवय नको."

फोनवर बिल्याना मात्र आईवरच ओरडली. "गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा ना आत! दर दोन तासांनी बदला! दोब्रीकाकांना सांग!"

नेदाला भरून आलं. काही झालं तरी बापाचं झाड. पोरीचा जीव तुटणारच.

पाम एक मार्चला उघडायचा ठरला होता. बिल्याना दुपारी येणार होती, पण नेदाला धीर धरवेना. सकाळीच तिने एकटीने टोपी काढली, कापड उतरवलं. पानं हिरवीगार होती. पण पानांवर जाण्यात अर्थ नसतो, हे स्लावीने दोघींनाही शिकवलं होतं. शेंड्यातली न उघडलेली सुरळी दोन बोटांत धरून ओढायची. घट्ट असली तर झाड जिवंत. हातात आली तर गाभा कुजला. मग बाहेरची पानं महिना-दोन महिने हिरवी दिसतात, इतकंच.

नेदाने ओढली. सुरळी अलगद हातात आली. बुडाशी तपकिरी चिखल झाला होता.

ती शिडीच्या पायरीवर बसून रडली. मग डोळे पुसून तिने सुरळी होती तिथे परत खोचून ठेवली. पत्त्यांतसुद्धा कधी लबाडी न केलेली बाई ती.

बिल्याना बसने आली. गाडी कामेनला हवी होती म्हणे. हातात फक्त एक पर्स. तिने आईच्या मनगटाला मार्च लागला की बांधतात तो लाल-पांढरा दोरा बांधला आणि तडक शिडीकडे गेली.

"बानित्सा करपेल," म्हणत नेदा स्वयंपाकघरात पळाली. तिथे ती ओट्याला धरून उभी राहिली. बिल्यानाचा हात लहानपणापासून दांडगा, दारांच्या मुठी उपटणारा. बाहेरून बराच वेळ काही आवाज आला नाही.

"आई! घट्ट आहे गं! हलतसुद्धा नाही!"

नेदाचा विश्वास बसेना. स्लावीच पावला असेल, तिने मनाशी म्हटलं आणि बानित्सा कापायला घेतली.

निघताना बिल्यानाने फाटकाशी आईला मिठी मारली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते आणि ती हमसून रडत होती.

"जिंकलीस बाई तू," ती म्हणाली.

ते रडणं काही केल्या नेदाच्या मनातून जाईना. शेवटी तिने कुंपणापाशी जाऊन दोब्रीला सगळं सांगितलं.

"मग फसवलंस तर फसवलंस," दोब्री म्हणाला. "मी कुठे बोलणार नाही."

"मी येणार नाही म्हणून रडली रे पोर. पोटची मुलगी मला न्यायला जिवाचं रान करतेय आणि मी तिला टोप्या घालतेय. लाज वाटते मला. मी जाणार. सुरळी काढते, फोटो पाठवते आणि खरं काय ते सांगून टाकते."

"मग माझ्या कंबरेला हिवाळ्यात काम काय?" दोब्री म्हणाला. ती हसली नाही. तो शिडी धरायला आला.

नेदा वर चढली. दोन बोटांत सुरळी धरून ओढली. आली नाही. पुन्हा ओढली, तरी नाही.

"काय झालं?" दोब्रीने विचारलं.

तिने पानं बाजूला सारून आत पाहिलं. कुजकी सुरळी शेजारच्या देठाला आडवी टाचून ठेवलेली होती, बिल्यानाच्या केसांतल्या दोन काळ्या पिनांनी.