चुकीचे वाक्य ओळखा

नाशिक रोडच्या क्लासात नव्वद जण शिक्षक भरतीची तयारी करत होते. 'चुकीचे वाक्य ओळखा' या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क फक्त पेठच्या यमुना गावितला पडायचे. तिची ही तिसरी खेप होती. हीही हुकली तर आईबरोबर द्राक्षबागेत मजुरी ठरलेली.

"एवढे नियम पाठ केलेस कधी गं?" सरांनी विचारलं.

"नियम नाय येत सर. प्रत्येक वाक्य मनात आयच्या आवाजात म्हणून बघते. तिच्या तोंडी शोभलं की त्याच्यावर फुली मारते. चुकीची वाक्यं सगळी आमच्याच घरातली असतात."

क्लास खो खो हसला. सर हसले नाहीत. "हसता काय? शिका तिच्याकडून!" म्हणत त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

यमुना पास झाली. नेमणूक पेठ तालुक्यातच मिळाली, तिच्या गावापासून दोन डोंगर पलीकडे. पहिल्याच आठवड्यात तिनं तिसरीच्या पोरांना आईबद्दल लिहायला सांगितलं. शेवटच्या बाकावरच्या पोरीनं दोनच ओळी लिहिल्या होत्या.

'माझी आय बागात कामाला गेली हाय. मला तिची लय याद येते.'

वाचताना यमुनाला थेट आयचाच आवाज ऐकू आला. तिनं लाल पेन उघडलं आणि दोन्ही वाक्यांवर फुली मारली.