रोज म्हणजे रोज

"ओल्या सदऱ्यानं कुठं निघालाव?" नागम्मानं चुलीपासूनच विचारलं.

"वाळतंय की जाता जाता," धुळाप्पा म्हणाले.

शिवकांता न्हाणीपाशी रिकामा लोटा विसळत होती. रोज सकाळी शिंदीवाला तो दारात भरून द्यायचा, आणि थोड्या वेळानं शिवकांता तो विसळून पालथा घालायची. वहाणा घालता घालता धुळाप्पांनी लेकीकडं पाहिलं.

"झालं समाधान, मास्तरीणबाई?"

"जावा आप्पा. भोंगा झाला."

ते हसले आणि गेले. मुरुमच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते. यंत्र न थांबवता, फिरत्या चाकावर हातानं चामड्याचा पट्टा चढवायचं काम त्यांचं. वीस वर्षांत त्यांना साधं खरचटलंही नव्हतं.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला पट्ट्यानं त्यांना ओढून घेतलं.

पंचनाम्यात एक ओळ होती: प्रेतास शिंदीचा उग्र वास.

तीन महिन्यांनी मुंबईच्या विमा कंपनीचं पत्र आलं. नशेच्या अंमलाखाली झालेला अपघात पॉलिसीतून वगळलेला असल्यानं दावा नामंजूर. शिवकांता कन्याशाळेत शिकवायची. वर्गात धडा वाचावा तशा सपाट आवाजात तिनं ते पत्र नागम्माला, आपल्या अव्वाला, वाचून दाखवलं. गिरणीची खोली पाडव्याच्या आत सोडायची होती. शाळेच्या पगारात स्वतःचं छप्पर होणार नव्हतं. विमा मिळाला तरच होणार होतं.

धाराशिवला फकरुद्दीन वकिलांनी आधी पत्र वाचलं, मग पॉलिसी, मग अर्जाची नक्कल. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "बेटी, तुझे वालिद पीत होते?"

"रोज."

"त्या दिवशी?"

शिवकांता टेबलावरच्या दौतीकडं बघत राहिली. "रोज प्यायचे, वकीलसाहेब."

"मग फिकीर सोड." वकिलांनी नक्कल तिच्यापुढं धरली. "हे बघ. कंपनीच्याच डॉक्टरानं लिहिलंय, रोज शिंदी घेतात. त्यापायी कंपनीनं हप्ता वाढवला आणि सहा वर्षं घेतला. एजंट हप्ता न्यायला कुठं यायचा?"

"शिंदीच्या दुकानात. बलभीमकाका तिथंच पावती फाडायचे."

"वा!" वकिलांनी मांडीवर थाप मारली. "सगळं माहीत असताना घेत राहिले, गप राहिले. आता माणूस गेल्यावर 'तो प्यायला होता' म्हणायला त्यांना तोंड न्हाय. तो हक्क त्यांनी आपल्या हातानं सोडला. त्या दिवशी पिले होते का न्हाय, ते आपल्याला शाबीतच करायचं न्हाय."

शिवकांतानं रोखून धरलेला श्वास सोडला. जिना उतरायच्या आधी ती दारात थांबली.

"वकीलसाहेब, माहीत असून गप राहिलं की मागाहून बोलता येत नाही, हे फक्त कंपनीलाच लागू आहे का?"

"सगळ्यांना, बेटी," वकील हसले. "कायद्याला काय, कंपनी आणि माणूस सारखेच."

कोर्टात बलभीम एजंट साक्षीला उभा राहिला. आधी तो आढेवेढे घेत होता. पण फकरुद्दीन वकिलांनी शिंदीच्या दुकानाचं नाव काढलं आणि त्याची जीभ सैल झाली.

"आता लपवून काय करू, साहेब? न पिता धुळाप्पांचा हातच चालत नव्हता. निस्ता थरथरायचा. पहिल्या सहीला त्यांनी माझ्या कागदावर शाई सांडली. म्हणून मी आधी लोटा होऊ द्यायचो, मग सही घ्यायचो. पोटात पडली की हात कसा, खांबावानी थिर!"

कोर्टात हशा पिकला. कारकुनानंही मान खाली घालून हसून घेतलं. मागच्या बाकावर नागम्मानं पदर तोंडावर ओढला.

मग शिवकांताला उभं केलं. कंपनीचा वकील सोलापूरचा होता, सभ्य होता.

"वडील रोज घ्यायचे म्हणता, बाई. रोज म्हणजे त्या दिवशीसुद्धा?"

शिवकांतानं कठड्यावरचा हात काढून पदराखाली घेतला.

"रोज म्हणजे रोज," ती म्हणाली.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. कंपनीनं सर्व जाणून हप्ते स्वीकारले, सबब त्या कलमाचा आधार तिला आता घेता येणार नाही. मयत त्या दिवशी नशेत होता की नाही, या प्रश्नात शिरण्याचं कारण उरत नाही. फकरुद्दीन वकिलांनी निकालाची नक्कल शिवकांताच्या हातात दिली आणि नागम्माला वाकून सलाम केला.

परतीच्या मोटारीत नळदुर्गला मुरुमचा एक व्यापारी चढला. त्याला बातमी आधीच कळली होती.

"चांगलं झालं, वैनी. धुळाप्पा पिऊन मेला, पर घर देऊन गेला बघा."

शिवकांतानं निकालाच्या कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. व्यापारी पुढं जाऊन बसेपर्यंत नागम्मा खिडकीबाहेर बघत होती.

"खोटं काय बोलला त्यो?" ती हळूच म्हणाली. "शिंदीनंच खाल्लं त्यांना. आन् चूक माजी हाय."

"तुझी कसली चूक, अव्वा?"

"तीस वरसं त्यो लोटा भरताना बघितला. कदी तोंड उघडलं न्हाय. एक दिस, निस्ता एक दिस म्या लोटा हिसकावला असता, तर तुजा आप्पा आज जिता असता."

शिवकांतानं घडी केलेला कागद अव्वाच्या मांडीवर ठेवला.

"मी हिसकावला होता, अव्वा," शिवकांता म्हणाली. "त्याच सकाळी. सगळी सदऱ्यावर सांडली. आप्पा न पिताच कामावर गेले."