घाटावरची रेघ

“शहरात यायला गावाची हरकत आहे का?” हद्दवाढीच्या सुनावणीत महापालिकेच्या साहेबांनी विचारलं.

“येऊ की. नळाला पाणी तरी येईल,” सरपंच भागूबाई म्हणाल्या. “पण तुमच्या नकाशातला रस्ता आमच्या नदीच्या जुन्या घाटावरून जातोय. एकदा बघायला या.”

साहेब आले. भागूबाईंनी त्यांना घाटाच्या वरच्या पायरीवर नेलं. तिथल्या दगडी भिंतीत, साहेबांच्या डोक्याच्याही वर, जुन्या महापुराची रेघ कोरलेली होती.

साहेबांनी मान वर करून रेघ पाहिली. मग त्यांनी पायरीवरच नकाशा पसरला, रस्ता मागच्या माळावर सरकवला आणि नदीकाठावर लिहिलं, ‘बांधकामास मनाई’.

“पण गाव शहरात गेलं की तुमचं सरपंचपद जाणार,” ते म्हणाले.

“जाऊ द्या की,” भागूबाई हसल्या. “घाटावर धुणं घेऊन यायला सरपंच कशाला असावं लागतंय?”