शेवटचा हात

भालू पेंटरची रीतच होती. घर रंगवून झालं की दाराशी तळहाताएवढी भिंत कोरी ठेवायची आणि ब्रश घरच्या बाईला द्यायचा. "शेवटचा हात तुमचा, वहिनी."

सरलानं कणकेचे हात दाखवत "उद्या मारते" म्हटलं, आणि त्याच रात्री भालू गेला. तेव्हापासून ती ब्रश उचलायची, ठेवायची, पुन्हा दाराशी जायची. "मी मारू?" नवऱ्यानं विचारलं. ती अंगावरच धावून गेली.

तेराव्यानंतर भालूची बायको शिडी न्यायला आली. कोरा तुकडा बघून म्हणाली, "जेवताना नकला करायचे, कोणती वहिनी ब्रश कसा धरते त्याच्या. मी कधी धरलाच नाही."

सरलानं ब्रश रंगात बुडवून तिला दिला. तिनं तो झाडूसारखा धरला, दोन्ही मुठींत.

रात्री नक्कल करायला मात्र कोणी नव्हतं.