पायी जाण्याइतकं जवळ

मलकापूरला बदली झाली तेव्हा मी ठरवलं, आता ऑफिसला पायीच जायचं. माझ्या बायकोला, महामायाला, लांबच्या कॉलनीतलं मोठं, अंगणाचं घर आवडलं होतं. तिच्याशी दोन दिवस भांडून मी ऑफिसजवळच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि कार विकून टाकली.

पहिल्याच सकाळी शेजारच्या गफ्फारभाईंनी स्कूटर थांबवली.

"साहेब, पायी काऊन? गाडी बिघडली का?"

"नाही हो, मले चालायचंच आहे."

"आमी असताना? बसा बसा!"

नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून बसलो. मग कधी ऑफिसातला कलीम भेटायचा, कधी दूधवाला. मी पायी चाललेलो गल्लीत कोणालाच बघवत नव्हतं. माझाही नकार रोज थोडा बारीक होत गेला.

काल सकाळी महामायाचा फोन आला. "तुमच्या ऑफिसातून फोन आलता. मीटिंग सुरू झाली, सारे तुमची वाट पाहून राह्यले. कुठी आहा तुम्ही?"



"गल्लीच्या कोपऱ्यावरच उभा आहो. आज कोणी थांबूनच नाही राह्यलं."